एकट्याने वाहिलेले ओझे

(प्रौढांच्या अभ्यासवर्गासाठी व रविवार शाळेच्या शिक्षकांसाठी पाठ)

शास्त्रवाचन : निर्गम अध्याय १८, १ राजे १९:१-८, मार्क ६:३०-३२

पाठाचा हेतू : नोकरी, घर व प्रकृती यांचा मेळ घालणे हे एकट्यादुकट्याचे काम नसून घराने व मंडळीने मिळून करावयाचे काम आहे, हे समजून घेणे, आणि आपल्या घरातील कामाची वाटणी या आठवड्यात प्रामाणिकपणे तपासून पाहणे.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीने आरोग्य तपासणी ठेवली होती. मी कमिटीवर असल्यामुळे टेबले मांडण्यापासून नावे लिहून घेण्यापर्यंत सगळीकडे माझी धावपळ चालली होती. माझा रक्तदाब ठीक निघाला. मी मोठ्या समाधानाने पत्नीला म्हटले, "तूही दाखवून घे, म्हणजे आपण घरी जायला मोकळे."

ती म्हणाली, "अहो, घरी कुकर लावायचाय. पाहुणे यायचेत. पुढच्या वेळी बघू."

डॉक्टरांनीच तिला आग्रहाने बसविले. एकदा दाब मोजला, पाच मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा मोजला. वरचा आकडा १७० आणि खालचा ११०. "डोकं दुखतं का?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "दुखतं कधीकधी. कामाच्या गडबडीत कोण लक्ष देतंय?" पुढे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिनही बरेच कमी निघाले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन एक काम सांगितले. एका कागदावर दोन रकाने आखा, एकात तुमचा कालचा दिवस लिहा, दुसऱ्यात त्यांचा. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून ते लिहिले. तिचा दिवस पाण्याच्या वेळेला, म्हणजे पहाटे साडेचारला सुरू होत होता. मग डबे, माझ्या आईचे इन्सुलिनचे इंजेक्शन, मुलांची शाळा, बस, कचेरी, परतताना भाजी, मग स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आणि शनिवार असल्यामुळे रविवार शाळेच्या पाठाची तयारी. माझ्या रकान्यात कचेरी होती, वर्तमानपत्र होते, चहा दोन वेळा होता आणि कमिटीची सभा होती. ती सभा मी विश्रांतीत धरली नव्हती, पण ती मला आवडते हे खरे आहे. तिच्या रकान्यात बसण्याची एकच जागा होती, ती बसमधली, आणि तीही मिळाली तर.

वाचकहो, तिला मी नेहमी "खंबीर" म्हणत असे. तिचे कौतुक करीत असे. तिची मदत मात्र करीत नव्हतो. आजचा पाठ मी त्या कागदाच्या आधाराने लिहीत आहे.

१. इथ्रोने काय पाहिले?

निर्गमाचा अठरावा अध्याय आपण बहुधा "पुढारीपण" या विषयासाठी वाचतो. आज तो एका कुटुंबाची हकीगत म्हणून वाचू या. इथ्रो हा मोशेचा सासरा. तो एकटा आलेला नाही. मोशेची पत्नी सिप्पोरा हिला आणि गेर्षोम व अलियेजर या दोघा मुलांना तो बरोबर घेऊन आला आहे. बऱ्याच काळाने हे कुटुंब एकत्र येत आहे. मोशे सासऱ्याला सामोरा जातो, नमन करतो, क्षेमकुशल विचारतो, तंबूत बसून घडलेले सारे सांगतो. पत्नीशी व मुलांशी तो काय बोलला हे शास्त्रात लिहिलेले नाही. आपण पदरचे काही घालू नये. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी मोशे कोठे आहे हे लिहिलेले आहे. तो न्यायासनावर बसला आहे, आणि लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याभोवती उभे आहेत.

हे सासऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. तो मोशेच्या हेतूला दोष देत नाही. काम वाईट आहे असेही म्हणत नाही. करण्याची रीत बरी नाही, एवढेच तो म्हणतो, आणि दोन परिणाम सांगतो. तू झिजून जाशील आणि तुझ्याबरोबर हे लोकही झिजून जातील. हा दुसरा परिणाम आपण सहसा विसरतो. एकट्याने सगळे ओढणारा माणस दमतो, आणि त्याच्यासाठी ताटकळणारेही दमतात.

आता उपाय पाहा. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेमावीत. लहान बाबींचा निकाल त्यांनी स्वतः करावा. अवघड तेवढे मोशेकडे आणावे. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. इथ्रोने मोशेला निरोपे किंवा हरकामे दिले नाहीत. त्याने निर्णय करणारी माणसे दिली. प्रत्येक लहान गोष्ट मोशेला विचारून करा असे ठरले असते, तर त्याचे ओझे तिळभरही हलके झाले नसते. काम द्यावयाचे तर निर्णयासकट द्यावयाचे, हे या अध्यायाचे मर्म आहे. आपल्या घरांत ते कसे लागू पडते, हे पुढे पाहू.

मोशेने ऐकले, हेही महत्त्वाचे. एवढा मोठा मनुष्य, पण सासऱ्याचे म्हणणे त्याने मानले.

२. आठवड्याची सुटी आकाशातून पडली नाही

आज रविवारी कचेऱ्या बंद असतात हे आपण गृहीत धरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र ही सुटी मागून, झगडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व "दीनबंधु" पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून रविवारी सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागणी अशी असेल तर त्यापूर्वीची स्थिती काय असेल, याची कल्पना करा.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करता करताच लोखंडे वारले.

यातून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली, विश्रांती ही आळशी माणसाची मागणी नव्हे. घाम गाळणाऱ्यांनीच ती मागितली. दुसरी, ती एकेकट्याने मिळत नाही. एकटा कामगार रविवारी घरी राहिला असता, तर त्याची नोकरी गेली असती. सर्वांनी मिळून ठरविले म्हणून प्रत्येकाला सुटी मिळाली. घरातही असेच असते. घरातील एकाने "मी आज बसणार" असे म्हटले आणि बाकीच्यांनी काही उचलले नाही, तर त्याचे काम सोमवारी दुप्पट होऊन उभे राहते.

३. आपल्या शेजारचे मैदान

नारायणगुड्यात मराठी माणसाला परके वाटू नये अशा खुणा पुष्कळ आहेत. येथील केशव मेमोरियल शिक्षणसंस्था ज्यांच्या नावाने आहे, ते न्यायमूर्ती केशवराव कोरटकर मराठी भाषक होते. सुलतान बाजार, काचीगुडा, चिक्कडपल्ली या आसपासच्या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहात आली आहेत. याच नारायणगुड्यात वाय.एम.सी.ए. आहे. तिच्यावरून जाताना आपल्या आजच्या विषयाशी तिचा किती जवळचा संबंध आहे, हे फारच थोड्यांच्या मनात येत असेल.

वाय.एम.सी.ए.चा उगम लंडनमध्ये १८४४ साली झाला. जॉर्ज विल्यम्स हा कापडदुकानातील तरुण नोकर. त्या काळी दुकानांतील नोकर दिवसाचे बारा-चौदा तास राबत आणि दुकानाच्याच माडीवर दाटीवाटीने राहात. अशा तरुणांना चार घटका एकत्र येता यावे, म्हणून त्याने मोजक्या सोबत्यांसह ही संस्था काढली. पुढे तिच्या चिन्हात त्रिकोण आला. आत्मा, मन आणि शरीर या त्याच्या तीन बाजू.

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉलचा खेळ रचला. खेळ उत्तम होता, पण धावपळीचा. दिवसभर पेढीवर किंवा कचेरीत बसून आलेल्या मध्यमवयीन माणसांना तो झेपत नसे. तेव्हा १८९५ मध्ये होलिओक गावच्या वाय.एम.सी.ए.मधील विल्यम मॉर्गन याने त्यांच्यासाठी निराळा खेळ शोधला. मध्ये जाळे, दोन्ही बाजूंस माणसे, धक्काबुक्की नाही, आणि चेंडू जमिनीवर पडू न देणे हे साऱ्यांचे मिळून काम. तोच आजचा व्हॉलीबॉल.

मॉर्गनने थकलेल्या माणसांना "तुमची इच्छाशक्ती कमी आहे" असे सुनावले नाही. त्यांना झेपेल असा खेळ तयार केला. आपणही घरी असेच करावे. ज्या बाईला पहाटे साडेचारला उठावे लागते, तिला "रोज सकाळी फिरायला जात जा" असे सांगणे सोपे आहे. तिला ते जमावे म्हणून सकाळचे डबे कोण भरणार, हे ठरविणे ही खरी मदत.

४. वैद्यकशास्त्र काय सांगते?

नारायणगुड्यातच प्रतिबंधक वैद्यकाची सरकारी संस्था आहे. सारे शहर तिला आय.पी.एम. म्हणून ओळखते. कुत्रा चावला की माणसे इंजेक्शनासाठी तिकडे धावतात. रोग होण्याआधी तो अडवावा, हे अशा संस्थेचे ब्रीद. अतिश्रमावर मात्र लस नाही. तो अडवावयाचा तो घरातच.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक संयुक्त अहवाल प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात म्हटले आहे. हे तास कमाईच्या कामाचे आहेत. घरकाम त्यात धरलेले नाही.

घरकामाचे गणित आपल्या सरकारनेच मांडले आहे. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८ मिनिटे. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे. २०१९ च्या पाहणीत अशा पुरुषांचे प्रमाण शंभरांत २६ होते, तर स्त्रियांचे ८१. कमाईचे आठ तास आणि घरचे पावणेपाच तास यांची बेरीज केली, तर झोपेला काय उरते ते आपणच पाहावे.

आणखी एक आकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांमध्ये रक्तक्षय आढळला. पुरुषांमध्ये तो २५ टक्के होता. याची कारणे अनेक आहेत. पण सर्वांचे झाल्यावर उरेल ते खाऊन उठण्याची आपल्या घरांतील रीतही त्याला हातभार लावते, हे नाकारता येईल काय?

उच्च रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही, म्हणूनच तो घातक. १४०/९० किंवा त्याहून जास्त दाब पुनःपुन्हा निघाला, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे आणि बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. छातीत दुखून घाम सुटला, अथवा एकाएकी तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब १०८ ला फोन करावा.

५. घरासाठी सात गोष्टी

पहिली : दोन रकान्यांचा कागद. घरातील प्रत्येकाने आपला कालचा दिवस लिहावा. वाद घालू नये, नुसते वाचावे.

दुसरी : काम निर्णयासकट घ्यावे. येथे इथ्रोचा सल्ला आठवा. "काय आणू ते सांग" असे विचारून भाजी आणणे ही अर्धीच मदत झाली. घरात काय संपले आहे, काय लागेल, कोणत्या दिवशी आणावे, हे डोक्यात ठेवणे हेच मोठे ओझे असते. मी माझ्या आईची औषधे व इंजेक्शन पूर्णपणे माझ्याकडे घेतले. कधी संपते, कधी आणावयाचे, तपासणी कधी, हे आता पत्नीला आठवावे लागत नाही.

तिसरी : झोप. प्रौढ माणसाला निदान सात तास झोप हवी. आज आपली मुले रात्रपाळीत हायटेक सिटीकडे कामाला जातात. त्यांनी सकाळी परतल्यावर झोपणे हा आळस नव्हे. त्या वेळी दारावरची घंटा, दूरदर्शन व पाहुणे यांना आवर घालणे हे घरच्यांचे काम.

चौथी : हालचाल. आठवड्यातून एकंदर १५० मिनिटे जलद चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच दिवस रोज अर्धा तास. इंदिरा पार्क दूर वाटत असेल, तर एक-दोन थांबे आधी उतरून चालत यावे. मेट्रोचे जिने चढणे हाही व्यायामच.

पाचवी : खाणे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी. लोणचे, पापड व फरसाण यांतले मीठही त्यात धरावे. ज्वारीची भाकरी, डाळ घालून केलेली अंबाडी ही आपली व तेलंगणाची दोघांचीही जुनी शिदोरी आहे. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे कधीमधी ठीक, पण ते जेवण नव्हे. आणि एक वेळ तरी सर्वांनी एकत्र बसून जेवावे, वाढणारीसुद्धा.

सहावी : तपासणी. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर पाहावी. घरातील सर्वांनी एकाच दिवशी जावे, म्हणजे "माझे पुढच्या वेळी" असे कोणी म्हणणार नाही.

सातवी : आठवड्यातील एक वेळ सर्वांची. आमच्या घरी रविवारी संध्याकाळी स्वयंपाक होत नाही. दुपारचे उरलेले आम्ही खातो. त्यामुळे कोणाचेही काही बिघडलेले नाही.

हे सारे एका दिवसात जमले असे मात्र समजू नका. मी पहिल्यांदा भांडी घासावयास उभा राहिलो, तेव्हा आई म्हणाली, "घरात दोन बाया असताना तू काय करतोस तिथं?" पत्नीलाही ते पटकन रुचले नाही. "तुम्ही घासलेलं मला पुन्हा घासावं लागतं," असे ती म्हणाली, आणि तिचे खरे होते. मला नीट घासावयास शिकावे लागले, आणि तिला स्वयंपाकघरातून बाहेर बसावयास. दुसरे पहिल्याहून अवघड गेले. काही महिन्यांनी आई स्वतःच ओट्यापाशी खुर्ची ओढून भाजी निवडू लागली. पत्नीची गोळी आजही चालू आहे. दाब आटोक्यात आहे. आता डोके दुखले तर ती सांगते.

६. मंडळीने आपलाही कागद लिहावा

हा पाठ केवळ घरांपुरता नाही. आपल्या मंडळीत काम कोणाला मिळते? जो नाही म्हणत नाही त्याला. तीच बहीण रविवार शाळा घेते, तीच गायनात, तीच महिला मंडळाची चिटणीस, आणि प्रीतिभोजनाचा भातही तीच शिजविते. आपण वार्षिक अहवालात तिचे आभार मानतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिचेच नाव सुचवितो. हे कौतुक नव्हे.

मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रेषित सेवा करून परत येतात, तेव्हा इतकी गर्दी असते की त्यांना जेवावयासही सवड नसते. प्रभू त्यांना आणखी काम देत नाही. एकांती जाऊन थोडा विसावा घ्यावयास सांगतो. एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. तो त्याला झोपू देतो, भाकर व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. पर्वतावरचे बोलणे त्यानंतर आहे. दमलेल्या माणसाला आधी काय लागते, हे यावरून दिसते.

शिक्षकांसाठी सूचना

१. वर्गात निर्गम १८ वाचताना मोशे, इथ्रो, सिप्पोरा, दोन मुले व ताटकळणारे लोक, अशा वेगवेगळ्या जागी उभे राहून तो दिवस कसा गेला ते विद्यार्थ्यांना सांगावयास लावा.

२. लहान मुलांच्या वर्गात "आई आज काय काय करते?" याची यादी फळ्यावर करा. मग प्रत्येक मुलाने त्यांतील एक काम आठवडाभर स्वतःकडे घ्यावे, कोणी आठवण न करता. पुढील रविवारी विचारा.

३. प्रौढांच्या वर्गात कोणावरही जाहीर दोषारोप होऊ देऊ नका. आजाराचा विषय निघाल्यास खाजगी गोष्टी वर्गातच राहतील, हे आधी सांगा.

चर्चेसाठी प्रश्न

१. इथ्रोने मोशेच्या कामाला नव्हे, तर रीतीला दोष दिला. आपल्या घरातील कोणती रीत बदलावयास हवी?

२. आपण कोणाला "खंबीर" म्हणून त्याच्यावर अधिक ओझे टाकीत आहो काय?

३. घरातील असे कोणते काम आहे, जे आपण निर्णयासकट आजपासून आपल्याकडे घेऊ शकतो?

४. मंडळीत एका व्यक्तीकडे तीनपेक्षा अधिक जबाबदाऱ्या असतील, तर त्यांपैकी कोणती आपण उचलू?

या आठवड्यासाठी

आज घरी गेल्यावर एक कोरा कागद घ्या, मध्ये रेघ ओढा आणि दोघांनी मिळून कालचा दिवस लिहा. लिहून झाल्यावर ज्याचा रकाना लांब असेल त्याला बसावयास सांगा आणि संध्याकाळचा चहा दुसऱ्याने करावा. पुढच्या रविवारी वर्गात भेटू, तेव्हा तो कागद बरोबर आणण्याचे कारण नाही. काय बदलले तेवढे सांगा.